हसली म्हणून पुस्तक काढून घेतलं

राग अजून उतरत नाही, म्हणून लिहून काढते. बोलायला मला जमत नाही.

माझी मुलगी तिसरीत आहे. संध्याकाळी ती वरच्या मजल्यावरच्या अक्कांकडे ट्यूशनला जाते. अक्का आमच्यासारख्याच मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथं बेंगळुरात राहिलेल्या. त्यांच्याकडे वाचन म्हणजे आवाज. पोरं एकदम ओरडून धडा म्हणतात. खाली रस्त्यापर्यंत ऐकू जातं आणि आईबाप खूश, अभ्यास जोरात चाललाय म्हणून.

माझी मुलगी मोठ्यानं वाचताना अडखळते. मनात वाचते तेव्हा मात्र तिच्याकडे बघत राहावं. डोळे ओळीवरून पळतात, मध्येच थांबतात, मागे जातात. परवा स्वयंपाकघराच्या दारात बसून शाळेच्या लायब्ररीतलं कन्नड गोष्टींचं पुस्तक वाचत होती आणि एकदम खुदकन हसली.

"काय गं?"

"अम्मा, म्हैस बसमध्ये चढलीय. कंडक्टर म्हणतो, शिंगांचं वेगळं तिकीट काढ!"

मला कन्नड वाचता येत नाही. मी भाकरी थापत होते आणि ती मला अख्खी गोष्ट मराठीत सांगत होती. कंडक्टर कसा चिडला, म्हैस शेवटी कुठं उतरली, सगळं. एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत सांगायचं, हे डोक्यात शिरल्याशिवाय होतं का?

आज तेच पुस्तक ती ट्यूशनला घेऊन गेली. धडा झाल्यावर उघडून बसली आणि हसली. अक्कांनी ते ओढून घेतलं आणि कपाटात ठेवलं. आधी धडा न अडखळता म्हण, मग गोष्टी. पोरगी दप्तर तिथंच टाकून रडत खाली आली. पुस्तक उद्या शाळेत परत द्यायचं होतं आणि शेवटची गोष्ट वाचायची राहिली होती.

मी वर गेले. कुणाच्या दारात भांडायला मी आजवर गेले नव्हते.

"अक्का, तेवढं पुस्तक द्या."

"अगं, ती वाचतच नाही. चित्रं बघून हसते नुसती. वाचणाऱ्याचा आवाज यायला नको?"

"ती मनात वाचते."

"मनात!" अक्का पोरांकडे वळल्या. "ऐकलंत? मग परीक्षापण मनातच देईल म्हणावं."

पोरं फिदीफिदी हसली. पुढं बसलेली मुलगी सगळ्यात खणखणीत वाचते. मी तिला विचारलं, आत्ता वाचलास त्या धड्यात काय झालं? ती म्हणाली, "आंटी, ते उत्तर अक्कांनी अजून लिहून दिलं नाही."

तिचा काय दोष! पण अक्कांनाही त्यात वावगं वाटलं नाही. "सरी, बरोबरच आहे की. उद्या देणार लिहून," म्हणाल्या.

मीही अशीच शिकले. सीमेकडच्या आमच्या गावात चौथीपर्यंत वर्गाबरोबर सुरात ओरडले. सगळे पान उलटायचे, मीही उलटायची. वाचायला शिकले ते शाळा सुटल्यावर, भावानं आणलेल्या जुन्या दिवाळी अंकांवर. आधी पुटपुटत. मग कधीतरी ओठ थांबले आणि गोष्टीतली माणसं आतल्या आत बोलायला लागली. ज्या वाचनानं मला वाचता आलं, ते या बाईच्या लेखी वाचनच नाही!

हे तिथं बोलायला हवं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "अर्थ तुम्ही लिहून देणार, तर मग पोरांनी वाचायचं काय?"

"चौथी शिकलीस ना तू?" अक्का म्हणाल्या. "मग स्वल्प गप्प बैस."

मी कपाट उघडलं, पुस्तक घेतलं, दप्तर उचललं. "उद्यापासून ती येणार नाही," म्हटलं. तशीच जिना उतरून खाली आले.

आमच्या यांचं बसवनगुडीत शिवणाचं दुकान आहे. घरी येऊन ऐकल्यावर म्हणाले, "तोंडी परीक्षेला काय करशील? अडखळली की मार्क जाणार." जाऊ देत. अडखळल्याचे मार्क कापायला सगळे बसलेत. समजल्याचे कोण देतो?

मुलगी आता भिंतीला टेकून शेवटची गोष्ट वाचतेय. मघाशी तिला हसू आलं, तर तिनं आधी तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, हसू की नको म्हणून. एका संध्याकाळीत पोरीला पुस्तकापुढं हसायची भीती घातली त्या बाईनं. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.