पोटातला दुसरा आवाज

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका निवेदकांना दोनच माणसांचा धाक होता. एक त्यांची धाकटी मेहुणी. ती प्रयोगशाळेत कामाला. दुसरे कानसाहेब. हे स्वतः दृष्टिहीन; प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून चुका काढायचे. पान उलटल्याची सळसळही त्यांच्यापासून सुटत नसे.

मेहुणीला निरोगी माणसं हवी होती. रोजच्या जेवणात फायबरची भुकटी घातली तर पोट काय म्हणतं, ते बघायचं होतं.

"भाऊजी, तुम्ही धडधाकट आहात ना?"

पन्नाशीत असं कुणी विचारलं की छाती आपोआप फुगते. "म्हणजे काय!"

"रोज एकच चमचा. आणि पाणी भरपूर प्या."

आपला निकाल उठून दिसावा म्हणून निवेदकांनी पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले. पाणी मात्र बेतानंच. वाचताना मध्येच उठावं लागू नये म्हणून तीस वर्षं ते घोटभरावरच भागवत आले होते.

पाचशे पानांच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण उरलं होतं. नायिका मरणाच्या दारात. निवेदकांनी आवाज अगदी खाली आणला. "ती म्हणाली, आता मला..."

गुर्रर्र.

पोटाशी उशी धरून वाचलं, तरी कानसाहेबांचा फोन आलाच. "खोलीत दुसरं कोण होतं? अहो, बाई मरतेय आणि कुणीतरी गुरगुरतंय! पुन्हा असं झालं तर शेवट दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ."

पाचशे पानं आपण ओढायची आणि मरण दुसऱ्यानं वाचायचं? त्यांनी मेहुणीला गाठलं.

"तीन चमचे? मला निरोगी माणूस हवा होता, हौशी नाही! पोटातल्या जंतूंना सवय व्हायला वेळ लागतो. एकदम एवढं दिलं की वायू धरणारच. दोन दिवस थांबा, मग एक चमचा. आणि पाणी!"

आठवड्याभरात पोट निवळलं. सकाळचं काम घड्याळ लावल्यासारखं होऊ लागलं. पण पाण्यापायी ते शेवटचं छोटं प्रकरण वाचताना निवेदकांना चारदा उठावं लागलं. रेकॉर्डिंगच्या तुकड्यांचं जोडकाम जमेल तसं केलं आणि पाठवून दिलं.

"चार ठिकाणी थांबलात," कानसाहेब फोनवर म्हणाले.

निवेदकांनी पाण्याचा ग्लास हळूच लांब सरकवला.

"जाणारं माणूस असंच थांबत थांबत बोलतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही घाई केली नाहीत. राहू द्या तसंच."

निवेदकांना आभार मानायचे होते. पण तेवढ्यात पुन्हा उठावं लागलं.