मंदाअक्काचा डावा हात

मंदाअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती एका धडधाकट माणसाच्या कानाखाली आवाज काढत होती. बारामतीतलं डायलिसिस सेंटर, सकाळची वेळ, वजनकाट्यापुढे रांग. तो माणूस कुणा पेशंटचा मेहुणा होता. "सरका हो बाई," म्हणत त्याने तिचा डावा हात धरून तिला बाजूला केलं, एवढाच त्याचा गुन्हा. थप्पड अशी बसली, की त्याच्या काखेतलं शहाळं निसटून गडगडत माझ्या पायाशी आलं.

"ह्यो हात माझा न्हाय, सरकारचा हाय," ती ओरडली. "सरकारनं फुकाट शिवून दिलाय. परत धरायचा आसंल तर कलेक्टरला इचारून धर." मग तिचं लक्ष शहाळ्याकडे गेलं. "आन् हे कुणाला आणलंस? पेशंटला? आरं, किडनीवाल्याला शहाळं पाजतूस? मेव्हण्याचा जीव घ्यायला आलायस का?"

तो गाल चोळत निघून गेला. मी मात्र त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसले.

आमच्यासारख्यांच्या हातात धमनी आणि शीर एकत्र जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तिथेच सुया टोचून रक्त मशीनमध्ये जातं, साफ होऊन परत येतं. त्या हातावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं जाणवतं. गुरगुर थांबली की पंचाईत. म्हणून त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर निजायचं नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. मंदाअक्का त्यात बांगड्याही भरत नसे. एक हात हिरवागार आणि दुसरा मोकळा बघून तिच्या गावच्या, कळसच्या, बायका नाकं मुरडत. "सवाष्णीनं आसं ऱ्हाऊ नये म्हणत्यात," ती सांगायची. "म्हणलं, तुमी मशीनवर या माझ्या बदली, मी दोनी हातांत कोपरापतूर भरते."

ती कळसच्या शाळेत खिचडी शिजवायची आणि संध्याकाळी मैदानावर मुलींना कबड्डी शिकवायची. त्याचे पैसे तिला कुणी देत नव्हतं. लग्नाआधी ती स्वतः तालुक्याकडून खेळलेली. गुडघे तेव्हाच गेले होते. मग मोठी पातेली उचलताना दुखू नये म्हणून ती दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खात राहिली, शेंगदाणे खावेत तशी, वर्षानुवर्षं. डॉक्टरकडे जायचं तर खिचडीचा खाडा व्हायचा. त्या गोळ्यांनी किडन्या गेल्या. माझ्या मधुमेहाने गेल्या. "तुमी गोड खाऊन आलाव, मी कडू खाऊन आले," ती म्हणायची. "खाट शेजारीच मिळाली."

खाट शेजारी मिळाली म्हणजे आम्ही सारख्या झालो, असं मात्र नाही. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. सासरी ऊस, कारखान्याचे शेअर, दाराशी गाडी. मी एसी गाडीतून घरी जाऊन एसी खोलीत पडायचे. ती स्टँडवर इंदापूरच्या एसटीची वाट बघत भिंतीला टेकून उभी असायची. एवढं असून रोज मरणाच्या गोष्टी मी करायचे आणि ती करायची नाही. नवऱ्याने आणलेला डबा मी एकदा भिंतीवर फेकून मारला. बिनमिठाची भाजी भिंतीवरून ओघळत होती आणि मी किंचाळत होते, की मला उद्यापासून आणू नका, मला सुया नकोत, मला मरू द्या.

मंदाअक्काचं मशीन चालू होतं, तिला उठता येत नव्हतं. ती झोपल्या जागेवरून कडाडली. "साहेब, तुमी भायेर जावा जरा." माझा नवरा मुकाट बाहेर गेला. "मॅडम, घरी गेल्यावर काय करता?"

"काही नाही. पडते."

"मंग मरावंच वाटंल की! आठवड्यातलं तीन दिस आपुन मशीनचं. बाकीचं चार दिस मी पेशंट न्हाय, मास्तरीण हाय. तुमी सातीच्या सात दिस पेशंट. येवढी चैन मला परवडत न्हाय बाई."

आजारपणाला चैन म्हणणारी ती मला भेटलेली पहिलीच. मला राग आला. दोन दिवसांनी मी गाडी काढायला सांगितली आणि कळसला गेले, तो राग तिच्या तोंडावर काढायला.

मैदान म्हणजे शाळेमागची लाल मातीची चौकट. अक्का खुर्चीवर बसली होती, डावा हात पदराखाली. तोंड मात्र गोफण होतं. "आगं ए, धरलीस ती काय भावाला राखी बांधायला? मुंडी खाली घाल, घोटा धर, उपट! भुईमूग उपटतीस तशी उपट!" मुली एकमेकींवर आदळत होत्या. कुणाचं कोपर फुटलं, कुणाच्या नाकातून रक्त आलं, ती मातीत थुंकून परत उभी राहिली. मला शिसारी आली आणि नजरही हटेना. "बसा," अक्का म्हणाली. "गुण मोजा. अर्थशास्त्र शिकवता ना? बेरीज तरी येत आसंल." मी मोजायला बसले. सूर्य मावळला तेव्हा लक्षात आलं, की दुपारपासून मला मळमळलं नव्हतं.

मग मी जातच राहिले. माझा चेहरा बदलला, असं घरचे म्हणू लागले. अक्काचं नावही आजूबाजूला झालं. बारामतीतल्या एका महिला मंडळाने तिला सत्काराला बोलावलं. अध्यक्षीणबाईंनी तिला जिद्दीची मूर्ती म्हटलं, पैसा नसला तरी मन श्रीमंत हवं म्हटलं. अक्काने शाल खांद्यावरून काढून घडी घातली आणि माइक ओढला. "जिद्दीनं रगात साफ व्हत न्हाय, बाई. मशीननं व्हतं. खेळामुळं मशीनवर यायची विच्छा ऱ्हाती, खरं हाय. पर यायला यस्टी लागती, आन् ती परवा आलीच न्हाय. मन श्रीमंत करा म्हणताय, आधी गाडी द्या." टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. मी वाजवल्या.

पूनम तिची सगळ्यात चांगली चढाईपटू. अकरावीतली, काटक, डोळ्यांत आग. तिचा बाप दशरथ चार एकर उसाचा मालक. त्याला एमआयडीसीतल्या कंपनीत चिकटलेला मुलगा सापडला होता, आणि पोरगी चड्डी घालून गावापुढे उड्या मारते हे त्या लोकांच्या कानावर गेलं होतं. एका संध्याकाळी तो हातात उसाचं टिपरू घेऊन मैदानात शिरला. पूनमची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला ओढायला लागला. ती मातीतून फरफटत गेली. एक टिपरू पाठीत, एक मांडीवर. बाकीच्या मुली थिजल्या होत्या. मी खुर्चीवरून उठूही शकले नाही.

अक्का उठली. गुडघे गेलेली, आदल्याच दिवशी चार तास मशीनवर पडून आलेली बाई. तिने खाली वाकून दशरथचा घोटा धरला आणि उपटला. तो उताणा आपटला. तिने पूनमच्या कमरेत उजवा हात घालून तिला मागे ओढलं. दशरथ शिव्या देत उठला आणि त्याने पूनमच्या डोक्यावर टिपरू उगारलं. उजव्या हातात पोरगी होती. डावाच मोकळा होता. अक्काने तो पुढे केला.

रक्त सांडलं नाही, उडालं. ठिबकची नळी फुटावी तसं उडालं, दशरथच्या सदऱ्यावर, पूनमच्या तोंडावर. त्याच्या हातातलं टिपरू गळून पडलं. "आंगठा!" अक्का खेकसली. "बघत काय ऱ्हायलीस भवाने? आंगठा दाब भोकावर!" पूनमने अंगठा दाबला. माझ्या गाडीत मागच्या सीटवर ती तसाच अंगठा रोवून बसली होती, बारामती येईपर्यंत. वाटेत अक्का तिला म्हणत होती, "पकड सोडायची न्हाय. मी मेले तरी सोडायची न्हाय." गाडी होती म्हणून ती त्या दिवशी वाचली. याला मी दुसरं कुठलंही नाव देणार नाही.

हात मात्र गेला. गुरगुर थांबली. दोन दिवसांनी हवालदार दवाखान्यात जबाब घ्यायला आला. अक्का त्याला म्हणाली, "सायेब, च्या घेऊन या. मंग सांगते." तो गेल्यावर तिने बाहेर उकिडवं बसलेल्या दशरथला आत बोलावलं.

"दशरथ, जबाबात तुजं नाव आलं तर तू आत जाशील. मला म्हाईत हाय, तुला म्हाईत हाय."

"अक्का, चुकलं. पाया पडतो."

"पाय र्‍हाऊ दे. माझ्या हाताची किंमत सांगते. पूनमची बारावी व्हईस्तवर लग्नाचं नाव काडायचं न्हाय. ती खेळंल. तिच्या आंगाला बोट लावलंस तर ह्याच खाटंवरनं पोलिसाला फोन करीन. बोल."

तो रडत हो म्हणाला. हवालदाराला तिने सांगितलं, पडले. मला तिचा भयंकर राग आला, अजूनही येतो. मी दातओठ खात म्हटलं, "अक्का, तो हात म्हणजे तुमचा जीव होता. त्याला मोकळा सोडला तुम्ही?"

"आत टाकून काय मिळालं आसतं? पोरगी त्याच घरात ऱ्हाती, मॅडम. तिचं हाल कुत्र्यानं खाल्लं नसतं. आता तिच्या आंगाला बोट लावाया तो भितो तरी."

उजव्या हाताच्या शिरा बारीक, तिथे फिस्टुला जमला नाही. मग मानेत नळी घातली. ती नळी कोरडी आणि स्वच्छ ठेवायची असते. अक्काच्या घराला पत्र्याचं छप्पर, नळाला चार दिवसांनी पाणी, नवरा ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर बाहेर. त्यालाही माझ्यासारखा मधुमेह, त्यामुळे त्याची किडनी तिला बसवता येणार नव्हती. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. ती गळ्याला ओढणी गुंडाळून मैदानावर जायची. मी भांडले. म्हटलं, माझ्या घरी येऊन राहा. ती हसली. "तुमच्या घरी मी काय करू? पडू?"

माझ्या थोरल्या बहिणीची किडनी मला जुळली. हे अक्काला सांगताना माझी मान खाली गेली. तिने हनुवटी धरून ती वर केली. "लाजता कशाला? मिळतंय ते घ्या. मला मिळालं आसतं तर मी तुमाला इचारलंबी नसतं."

नवी किडनी बसवून मी पुण्यात इस्पितळाच्या बंद खोलीत होते तेव्हा अक्का गेली. नळीतून रक्तात जंतू गेले, थंडी वाजून ताप भरला, एसटीने बारामतीला पोहोचेस्तोवर उशीर झाला होता. मला कुणाला भेटायची परवानगी नव्हती. काचेवर डोकं आपटून मी रडले. नर्स म्हणाली, टाके ताणतील. म्हटलं, ताणू देत.

बाहेर पडायची मुभा मिळाली त्या आठवड्यात कळसच्या शाळेत तिच्या फोटोला हार घालायचा कार्यक्रम होता. हेडमास्तर म्हणाले, मंदाताईंनी आजारावर जिद्दीने मात केली. मी मास्क खाली ओढून जागेवरूनच म्हटलं, "मात केली असती तर हार कशाला घातला असता? गाडी आणि चांगली खोली असती तर त्या आज इथे शिव्या देत असत्या. मी जिवंत आहे, कारण माझ्याकडे हे सगळं होतं. आणि जगावंसं वाटलं ते त्यांच्यामुळे." हेडमास्तरांनी घाईने आभार मानून टाकले. बरंच झालं.

कार्यक्रम संपला, मुली मैदानावर गेल्या. पूनम आता बारावीत, परीक्षेला अजून अवकाश होता. मी बाजूला खुर्ची घेऊन बसले. तेवढ्यात दशरथ आला. सोबत पांढऱ्या कपड्यांतले दोन पाहुणे. ते फाटकाशी थांबले, तो आत आला.

"पूनम, घरी चल. बघायला आल्यात."

"आण्णा, तुमी शबूद दिलाय."

"जिला दिला ती गेली. चल म्हणतो ना!"

तो रेघ ओलांडून आत शिरला. पूनम हलली नाही. तिने शेजारणीचा हात धरला, तिने पलीकडचीचा. साखळी झाली. कबड्डीत चढाईवाला आत आल्यावर मुली जशा दोन्ही कडांनी सरकतात, तशा त्या सरकू लागल्या, मुंड्या खाली, नजर त्याच्या घोट्यांवर. दशरथने हात उगारला. डाव्या टोकाला एक मुलगी कमी होती, तिथून साखळी उघडी पडत होती.

नवी किडनी बसवलेल्या पोटावर धक्का लागू द्यायचा नाही, असं मला डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मी आत गेले आणि टोकाच्या पोरीचं मनगट घट्ट पकडलं. त्याने मारलं असतं तर मी चावले असते.

दशरथने माझ्याकडे पाहिलं, मग एकेकीकडे. उगारलेला हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. एक पाऊल मागे, मग आणखी एक. रेघेबाहेर गेल्यावर तो वळला आणि पाहुण्यांना घेऊन चालू लागला.

मी धापा टाकत उभी होते. रडूही येत होतं. पूनमने माझ्या पायांकडे बघितलं.

"मॅडम," ती खेकसली, "खेळायचं आसंल तर चपला भायेर काडा."

मी काढल्या.