तीन शेपट्यांचं विमान

डबा उघडला तेव्हा आधी वास आला. नव्या प्लॅस्टिकचा, गुळगुळीत छापील कागदाचा, आणि कुठल्यातरी दूरच्या थंड दुकानाचा असावा असा एक कोरा वास, जो नवाबपुऱ्यातल्या आमच्या घरात त्याआधी कधीच आला नव्हता. आत चंदेरी रंगाच्या फांद्या होत्या आणि त्यांना विमानाचे भाग चिंचांसारखे लगडलेले होते: दोन पंख, चार इंजिनं, बोटाच्या पेरात हरवतील एवढी चाकं, लांबट पोटाचे दोन अर्धे भाग, आणि एक नव्हे, दोन नव्हे, तीन शेपट्या! डब्यावरच्या चित्रात ते कॉन्स्टेलेशन विमान निळ्याभोर आकाशात असं काही वाकून निघालं होतं, की मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं – हे मी जोडणार, आणि चित्रातल्यासारखं हुबेहूब जोडणार. अकरा वर्षांची होते मी. मला न येणारी गोष्ट जगात आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

तो डबा आला वजनामुळे. बाबा चिकलठाण्याच्या विमानतळावर तोलाचं काम करत. सामान तर काट्यावर चढायचंच, पण त्या काळी उतारूही काट्यावर उभे राहायचे. मग कोण कुठे बसेल, डाकेची पोती पुढे जातील की मागे, हे सगळं बाबा एका कागदावर मांडायचे आणि तो कागद वैमानिकाच्या हाती गेल्याशिवाय डकोटा विमान जागचं हलायचं नाही. अजिंठा-वेरूळ पाहून परत निघालेल्या एका गोऱ्या आजीबाईंची पेटी काट्यावर जड भरली. त्यांनी पेटी उघडली, थोडा विचार केला, नातवासाठी घेतलेला हा डबा बाहेर काढला आणि बाबांना म्हणाल्या, तुमच्या मुलांना द्या. बाबांना मूल एकच, मी. सायकलला डबा बांधून ते ज्वारीच्या शेतांमधल्या रस्त्यानं संध्याकाळी घरी आले, आणि खिशातून नेहमीप्रमाणे शिशाची सीलंही काढून त्यांनी माझ्या ओंजळीत टाकली. डाकेच्या पोत्यांची तोडलेली ती जाड बटणांसारखी सीलं तिथे कचऱ्यातच जायची; मी आणि नसीमा त्यांनी गजगे खेळायचो.

नसीमा म्हणजे शेजारच्या हमीदचाचांची मुलगी, माझ्याच वयाची. ती उर्दू शाळेत जायची आणि मी मराठी, पण शाळा सुटली की दोघींचा मुक्काम एकच – चाचांचा हिमरू कापड विणायचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक लांबोडकी खोली, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचे दोन माग, रंगवलेल्या रेशमाचा ओलसर, किंचित आंबूस वास, आणि उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर येणारा मऊ उजेड. त्या खिडकीपाशी आम्ही डबा मांडला. हिवाळा होता. सकाळी बोटं आखडायची, दुपारी खिडकीच्या दगडावर ऊन यायचं, आणि डब्यातल्या इवल्याशा ट्यूबमधला गोंद नाकात असा भिनायचा की जेवतानाही भाकरीला तोच वास... हुकूम माझे असायचे आणि बोटं नसीमाची. तुटलेला धागा जोडता जोडता तिच्या बोटांत एक असा स्थिरपणा आला होता, जो माझ्या बोटांत आजतागायत आलेला नाही. चाकाएवढा भाग ती चिमट्यात धरायची, श्वास रोखायची आणि बरोब्बर जागेवर टेकवायची; मी मात्र वरून ‘डावीकडे, डावीकडे’ असं उगाचच म्हणत राहायची.

अर्धं विमान झालं आणि बातमी आली. हिमरूला पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. नसीमाच्या मामांनी हैदराबादला काम पाहिलं होतं, आणि पुढच्या शुक्रवारच्या गाडीनं घर हलणार होतं. मी, मोठ्या मनाच्या माणसानं बोलावं तसं, म्हणाले, “हे विमान तुझं. तू घेऊन जा.” तिचे डोळे असे लकाकले की मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा मात्र मला तितकं बरं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते विमान हवं होतं. फार हवं होतं.

पोटाचे दोन अर्धे भाग चिकटवायच्या दिवशी नसीमानं माहितीच्या कागदावर बोट ठेवलं. नाकाच्या चित्रात एक काळा गोळा काढलेला होता आणि शेजारी इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं.

“ये क्या है गे? इस्मे कुछ भरना बोलरे शायद.”

“काही नको,” मी म्हणाले. “विमानाच्या तोलाचं मला सांगू नकोस. मी कुणाची मुलगी आहे?”

आम्ही गोंद लावला, दोन्ही भाग दाबून धरले आणि वर सुतळी गुंडाळून एक रात्र तसंच ठेवलं.

बुधवारी सुतळी सोडली, चाकं बसवली, पंखे लावले आणि विमान खिडकीच्या दगडावर ठेवलं. ते सावकाश मागे कलंडलं आणि शेपटीवर बसलं. नाक आढ्याकडे. मी टाळ्या पिटल्या! चिकलठाण्याला मी जी काही विमानं पाहिली होती ती सगळी डकोटा, आणि डकोटा जमिनीवर असंच बसतं – शेपटी खाली टेकून, नाक वर करून. माझ्या मते सगळी विमानं अशीच बसत. नसीमानं डब्याची बाजू माझ्यासमोर धरली. तिथल्या लहानशा चित्रात तेच विमान धावपट्टीवर उभं होतं, तिन्ही चाकांवर, पाठ सरळ. आमच्या विमानाचं पुढचं चाक हवेत लोंबत होतं.

“जाने दे,” ती हळूच म्हणाली. “तूच रख ले. मेरेकू बैठा हुवा जहाज नक्को.”

मनातल्या मनात मागत होते तेच मला मिळत होतं, आणि तेही माझ्या चुकीचं बक्षीस म्हणून. असं मिळालेलं विमान मी कुठे ठेवणार होते? आणि त्याच्याकडे पाहणार कशी होते? मी ते पदराखाली झाकावं तसं फ्रॉकच्या घेरात घेतलं आणि घराच्या पायरीवर बाबांची वाट पाहत बसले. ते सायकलवरून उतरायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. काळ्या गोळ्याचंही.

“कागदावर होतं म्हणतीस?”

“व्हय.”

“आन् तरी बंद केलंस.” ते रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. “मला इतकी वर्षं झाली तिथं, पण वजन केल्याबिगर मी एक पेटी वर चढू देत नाय. आणि तू कुणाची मुलगी म्हणून तोल काढतीस?”

मला आयुष्यात बरेच जण बोलले, पण इतकं बरोबर कुणीच नाही.

मग बाबा थेट कारखान्यात गेले आणि मी मागोमाग. त्यांनी माझ्याकडून सीलांची डबी मागून घेतली, चाचांकडून रेशमाचा एक धागा घेतला, एक सील ओवून विमानाच्या नाकाला बाहेरूनच टांगलं. हलेना. दुसरं ओवलं... तिसरं... “आत काय भरायचं ते आधी बाहेर ठरवायचं,” ते चाचांना म्हणाले, आणि माग थांबवून खड्ड्यातून वर आलेले चाचा विमानावर नजर रोखून “हौ, हौ, और एक” म्हणत राहिले. चौथ्याला नाक किंचित झुकलं. पाचवं सील ओवलं आणि विमान टक् असा आवाज करून तिन्ही चाकांवर उभं राहिलं. तो आवाज इतका लहान होता, पण आम्ही चौघेही एकदम ओरडलो.

आता ते आत घालायचं होतं. चाचांनी वस्तऱ्याचं पातं दिव्यावर तापवलं आणि बाबांनी धरलेल्या विमानाची मान इतक्या हलक्या हातानं कापली की मी डोळे मिटले होते ते उगाचच. ठोकून चपटी केलेली पाचही सीलं मेणात बसवून नाकात भरली, मान पुन्हा चिकटवली. विमान उभं राहिलं. पण गळ्याभोवती काळसर व्रण उमटला. मी त्याच्याकडे पाहून रडू लागले तेव्हा नसीमानं रेशमाच्या लडीतून एक किरमिजी धागा निवडला, त्याला गोंद लावला आणि व्रणावर तीन वेढे असे गुंडाळले, एकाला एक लागून, की कुणालाही वाटावं, हा पट्टा विमानाला पहिल्यापासूनच होता. चित्रातल्या विमानाला तसा पट्टा नव्हता. आमचं जास्त देखणं दिसत होतं, हे मी आजही पैजेवर सांगेन.

शुक्रवारी स्टेशनवर ते विमान मी माझ्या हातानं तिला दिलं. दिलं आणि मला ते अजिबात परत हवंसं वाटलं नाही.

महिन्याभरानं तिचं पत्र आलं, उर्दूत. मला उर्दू येत नव्हतं. बाबांचं शिक्षण मात्र निजामाच्या राज्यात सगळं उर्दूतच झालेलं. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या तरी बाबांची ती लिपी बाबांपाशीच राहिली होती. ते चष्मा लावून वाचायचे आणि मी मराठीत उत्तर लिहायची. तिकडे तिला ते वाचून दाखवणारं कुणीतरी असणारच. तिची शाळा, चाचांचं नवं काम, पुढे तिचं लग्न, मुलं... वर्षानुवर्षं पत्रं येत राहिली आणि प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच असायची. बाबा तिथे थांबायचे, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि मग वाचायचे – “जहाज खडा है.”

बाबा गेले. आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं करून त्यांना आकाशात पाठवलेला माणूस स्वतः एकदाही विमानात बसला नाही, आणि त्याची खंत त्यांना नव्हती, मला आहे. त्यानंतर पंधरा दिवसांनी नसीमाचं पत्र आलं. घरात ते वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मी ते घेऊन कोपऱ्यावरच्या अत्तरवाल्या म्हाताऱ्यांकडे गेले. ते थांबत थांबत वाचू लागले. सगळं पत्र बाबांविषयीच होतं – त्यांची सायकल, सीलं, रेशमाला टांगलेलं ते वजन... मी त्यांच्या खांद्यावरून कागदाकडे पाहत होते. डोंगराच्या ओळीसारखी ती अक्षरं, ज्यातलं एकही मला कधी कळलं नव्हतं. म्हातारे शेवटच्या ओळीपाशी आले आणि चष्मा पुसायला थांबले.

ती ओळ त्यांच्याआधी मीच वाचली. मोठ्यानं.

“जहाज खडा है.”