बैलाच्या तोंडाची खुर्ची

त्या रविवारी रागिणीनं पाच वर्सात पहिल्यांदा हॉटेलात गरम रोटी खाल्ली. एक नाई, दोन. पहिल्या घासाले तिची जीभ पोळली अन् तिले इतकं हासू आलं का पाण्याचा गिलास तोंडाले लावता येईना. समोर तिचे सासरे बसले होते, शालिकराम मामाजी. सोताचं खाणं सोडून थे सुनेच्या ताटाकडं पाहून राहिले होते, जशी मॅचची शेवटची ओव्हर चालू आहे.

"पोळली काय?" मामाजी म्हणे.

"हो ना, मामाजी."

"पोळू दे. पोळलीच पाह्यजे."

बाजूले दीड वर्साचा गोलू आपल्या खुर्चीत बसला होता. खुर्चीच्या समोर लाकडी बैलाचं तोंड, अन् गोलूनं दोन्ही हातानं बैलाचे शिंग धरले होते. निम्मा वरणभात त्याच्या पोटात गेल्ता, निम्मा बैलाच्या तोंडाले फासला होता. पाच वर्साची पिहू त्याले समजावून सांगे, "अरे बैल वरण नाई खात, गोल्या. बैल कुटार खाते." रागिणीचा नवरा सागर फोटो काढून राहिला होता.

सासू, म्हणजे वच्छला आत्याबाई, हे सगळं पाहून म्हणे, "माह्या ताटाकडं कोणी असं पाह्यलं नाई बाई कधी. चाळीस वर्स थंडंच खाल्लं म्या."

"म्हणून तर आता शहाणपण आलं," मामाजी म्हणे.

"चाळीस वर्सानं?"

"लाकूड मुराव लागते, वच्छले."

दोन वाजता घरी आले. मामाजी म्हणे, जरा पडतो, चार वाजता चहा ठेव अन् मले उठव, दुकानातल्या लाकडी बैलायच्या शिंगाले रंग द्याचा आहे. पोळा पंधरा दिवसावर आलता. चार वाजता रागिणीनं चहा ठेवला अन् पिहूले उठवाले धाडलं. पिहू वापस आली, म्हणे, "मम्मी, आजोबा उठून नाई राहिले."

डॉक्टर म्हणे झोपीतच हृदय बंद पडलं, तरास झाला नाई. मामाजी सत्तरीचे होते. चहा तसाच गॅसवर आटून गेला.

आता त्या खुर्चीचं सांगणं आलं, कावून का खुर्ची सांगतली का मामाजी सांगून झाले.

मामाजी मूळचे हिवरखेडचे. अकोल्याले जुन्या शहरात त्याईचं सुताराचं दुकान, पन्नास वर्सापासून. पाट कराचे, पोळपाट कराचे, देव्हारे कराचे. पण लोकायले माहीत होते थे तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावरून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकाचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत नेतात ना, थे बैल. मामाजीच्या बैलाची मान थोडी वाकडी राहे. कोणी विचारलं, मिस्तरी, मान कावून वाकडी, तर म्हणत, "सरळ पाह्यते थो लाकडाचा वाटते. वळून पाह्यते थो जिता वाटते."

जून महिन्यात पिहूचा वाढदिवस आला. मूर्तिजापूर रोडवर एक गार्डन हॉटेल आहे, तिथी सगळे गेले. दारातच मॅनेजर उभा होता, शुभम नावाचा. पांढरा शर्ट, खिशाले तीन पेन. पोरं पाह्यले अन् त्याचं तोंडच उतरलं. त्यानं सगळ्यायले हात धुवाच्या बेसिनजोळ बसवलं. येणारा जाणारा हात धुवे अन् शिंतोडे पिहूच्या नव्या फ्राकवर.

सागर म्हणे, "भाऊ, थे खिडकीजोळचं टेबल खाली आहे ना?"

"थे रिझर्व आहे साहेब."

शेवटलोक तिथी कोणी आलं नाई. एक मांजर येऊन बसलं, त्याचंच रिझर्व असन.

रागिणीनं विचारलं, "लहान पोराची खुर्ची आहे काय?"

"आहे ना मॅडम!" म्हणे, अन् मागच्या खोलीतून खुर्ची आणली. प्लास्टिकची. एक पाय मोडला होता, अन् वर पाण्याच्या कॅनचे गोल गोल डाग. "भितीले टेकवून ठेवा, चालते."

मामाजीनं खुर्ची एका बोटानं हालवली. "भाऊ, याच्यावर पयले तू बसून दाखव."

तो काई बसला नाई. गोलू रागिणीच्या मांडीवर बसला. बिगर तिखटाची दाल सांगतली, आली थे लालभडक. एक चमचा गोलूच्या तोंडात गेला अन् त्यानं असा भोंगा सुरू केला का भटारखान्यातले लोकं बाहेर आले. वेटर म्हणे, "मॅडम, हेच आमची बिगर तिखटाची."

मंग शुभम आला. हळूच म्हणे, "मॅडम, पोराले जरा बाहेर फिरवून आणता काय? बाकीच्या कस्टमरले तरास होऊन राहिला."

रागिणी उठली. उठाची तिले सवयच होती. पिहू तान्ही होती तवापासून हेच चालू होतं. अकोल्याच्या हॉटेलायचं पार्किंग तिले पाठ, माहेरी अमरावतीले गेली तर तिथलंही पाठ. कुठी निंबाचं झाड आहे, कुठी कुत्रं बांधलं आहे, सगळं सांगे. आत पंखे आहेत का एसी, थे मात्र विचारू नका.

वीस मिनिटानं वापस आली तर रोटीचं चामडं झालं होतं अन् पनीरच्या भाजीवर तेलाचा थर बसला होता. सागरनं वेटरले म्हटलं, जरा गरम करून आण. वेटर म्हणे, "भट्टी बंद होऊन राहिली साहेब." रागिणीनं रोटीची घडी केली अन् खाल्ली. चावाले वेळ लागे. मामाजी पाहून राहिले होते.

घरी येतानी ऑटोत मामाजीनं हळूच आत्याबाईले विचारलं, "वच्छले, तू बी असीच खात होती काय गं?"

"आता विचारता?" आत्याबाई म्हणे, अन् बाहेर पाहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोलू झोपला होता. रागिणी खोलीत आली तर मामाजी टेप घेऊन त्याले मोजून राहिले होते. पाठ मोजली, मांडी मोजली. रागिणी घाबरलीच.

"मामाजी, झोपल्या लेकराले काय मोजून राहिले?"

"लेकराले नाई," मामाजी म्हणे. "तुई गरम रोटी मोजून राहिलो."

आठ दिवस दुकानातून रंध्याचा आवाज. घरच्यायले तिथी जायाची मनाई. मंग एका रविवारी खुर्ची बाहेर काढली. सागवानाची, पॉलिश केलेली, गोलूच्या मांडीले बरोबर बसणारी. समोर बैलाचं तोंड, अन् मान अशी वाकडी का बैल वळून पाह्यते, आपल्यावर कोण बसलं म्हणून. गोलूनं पाह्यलं अन् सरळ शिंगालेच लोंबकळला.

सगळे पुन्यांदा त्याच हॉटेलात. सागर म्हणे, दुसरीकडं जाऊ ना बाबा. मामाजी म्हणे, "तिथीच. जिथी सुनेनं थंडी खाल्ली तिथीच गरम खाईन ते."

दारात शुभम आडवा आला. "काका, बाहेरची खुर्ची आत नेता येत नाई."

मामाजीनं चष्मा लावला अन् भितीवरची पाटी मोठ्यानं वाचली. "बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे. हं. याच्यात खुर्ची कुठी आहे?"

"तसं नाई काका..."

"मंग आमी काय खुर्ची खाऊन राहिलो?"

मागं लाइनीत उभे होते थे सगळे हासले. शुभमही हासला असता, पण मॅनेजर होता. सोडलं आत.

यावेळी खिडकीजोळ बसले, मांजर नव्हतं. गोलू खुर्चीत राजावानी. रोटी आली, वाफ निघून राहिली होती. रागिणीनं पहिला तुकडा तोडला अन् तेवढ्यात गोलूनं टेबलाले दोन्ही पायानं रेटा देला.

आता घ्या. मामाजीचा पन्नास वर्साचा हात. बैल म्हटला का खाली चाकं, हातानं आपोआप लावले. पॉलिश केलं, शिंग घासले, पण लेकराच्या खुर्चीले चाकं नसतात, हे ना मामाजीच्या ध्यानात आलं ना घरच्या कोणाच्या. हॉटेलची फरशी नवी, आरशावानी. खुर्ची जे निघाली, दोन टेबलाच्या मधून, एका म्हाताऱ्याच्या काठीले चाटून, सरळ! गोलू खिदळून राहिला. पिहू मागं धावे, "बैल सुटला! बैल सुटला!" पिहूच्या मागं रागिणी, हातात रोटीचा तुकडा. रागिणीच्या मागं शुभम, त्याचा एक पेन पडला. अन् आत्याबाई बसल्या जागेवरून, "धरा रे, धरा!"

खुर्ची जाऊन गल्ल्याच्या टेबलाले थांबली. तिथी मालक बसले होते, महादेवराव. त्याईनं खाली पाह्यलं. गोलूनं वर पाह्यलं. महादेवरावनं बैलाच्या मानेवर हात फिरवला.

"हा वाकड्या मानेचा बैल... शालिकराम मिस्तरीचा काय?"

मामाजी धापा टाकत आले. "हो, माहाच."

"अरे देवा! माह्या करिश्माले घेतला होता मी तुमच्याजोळून. पोरीचं लग्न झालं, बैल अजून कपाटावर आहे." अन् मंग म्हणे, "मिस्तरी, हे चाकं काढा अन् खुर्ची इथीच ठेवा. येईन त्या लेकराले बसवू. आमच्या खुर्चीची कहाणी तुमाले माहीतच असन."

"ठेवतो," मामाजी म्हणे. "पण एक अट आहे. कोणत्याच मायले म्हणाचं नाई, लेकराले बाहेर फिरवून आणा म्हणून."

महादेवरावनं शुभमकडं पाह्यलं. शुभमनं आपल्या पेनायकडं पाह्यलं, दोनच उरले होते.

या सगळ्या गोंधळात रागिणीची रोटी त्या दिवशीही थंडी झाली. मामाजीच्या मनाले लय लागलं. चाकं तिथीच बसून काढले, घरी जाऊन खुर्चीच्या पायाले रबर बसवलं, अन् सागरसंगं हॉटेलात पोचती केली. त्याच्या पुढच्या रविवारी गोलूले ताप. त्याच्या पुढच्याले पाहुणे. मामाजी कॅलेंडरापाशी उभे राहत अन् बोट ठेवून रविवार मोजत. शेवटी थो रविवार आला, सुरुवातीले सांगतला थो. निंघतानी खिशात पेचकस घेतलं. रोटी येण्याच्या आंधी खुर्चीचा एक एक स्क्रू आवळला, अन् मंगच वेटरले म्हणे, "आण आता."

मामाजी गेले तवा दुकानात एकवीस बैल होते, बिगर रंगाच्या शिंगाचे. तेरवी झाली. गिऱ्हाइकं येऊन उभे राहत, कसं विचाराव म्हणून. मंग रागिणीनं अन् पिहूनं बसून शिंग रंगवले. पिहूनं पाच बैलाचे निळे करून टाकले. लोकायनं निळेच आंधी नेले.

पोळा झाल्यावर एका रविवारी सागर म्हणे, चाला, बाहेर जेवू. रागिणी नाई म्हणे. तिले त्या दारातून आत जाववणार नव्हतं. पण आत्याबाईनं लुगडं बदललं अन् चपला घालून बाहेर येऊन बसल्या. "चाल ना बाई. त्याईनं तुले खाऊ घातलं गरम. माहं राहिलंच ना."

मंग गेले.

हॉटेल भरलं होतं. खुर्ची दिसली, पण खाली नव्हती. दुसऱ्याचंच एक लेकरू तिच्यात बसलं होतं, बैलाच्या कानात बोट घालून. त्याची माय बाजूले जेवून राहिली होती, पटापट, दोन्ही हातानं, जशी आता एसटी सुटन. तिच्या ताटातून वाफ निघत होती.

शुभम धावत आला. "वहिनी, दोन मिनिट थांबा. सांगतो त्याईले. खुर्ची तर तुमचीच आहे."

"नका सांगू," रागिणी म्हणे. "जेवू द्या तिले."

तिनं गोलूले मांडीवर घेतलं. गोलूले आपला बैल दिसला अन् त्यानं ओठ काढला, आता भोंगा वाजणार हे सगळ्यायले कळलं. रागिणी उठाले लागली, जुन्या सवयीनं, पार्किंगकडं.

शुभमनं हात पुढं केले. "आणा त्याले इकडं. तुमी बसा, वहिनी. ये बे गोल्या, गाड्या पाहू." अन् घेऊन गेला बाहेर. काचेतून दिसे, गोलूनं जाता जाताच त्याच्या खिशातले दोन्ही पेन उपसले होते, अन् शुभम त्याले निंबाचं झाड दाखवून राहिला होता.

रोटी आली. आत्याबाईनं मोठा तुकडा तोडला, भाजीत बुडवला अन् फुंकर न घालताच तोंडात टाकला. त्याईचे डोळे एकदम मोठे झाले.

"पोळली काय, आत्याबाई?" रागिणीनं विचारलं.

आत्याबाईचं तोंड भरलेलं. त्याईनं नुसती मान हालवली, अन् वेटरले हातानंच खुणावलं, दुसरी आण.