दुखत नसतं तेव्हा

दाजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होतो. घनसावंगीच्या आमच्या शाळेत फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत. शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहिला आणि त्याच्या त्या उभं राहण्यावरूनच काहीतरी झालंय हे मला कळलं. आमची आई थकलेली होती, तिचंच असेल असं धरून मी फोन घेतला. पलीकडे भाचा होता. "मामा, बाबा गेले," म्हणाला. "जेवून बाजेवर पडल्ते. आई चहाला उठवायला गेली तर..." मिळेल त्या जीपनं अंबड, तिथून जालना आणि जालन्याहून हसनाबाद असा मी पोचलो, तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अक्काच्या गल्लीत माणसं मावत नव्हती.

डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं होतं. पण अंगणात बसलेली माणसं दुसरंच बोलत होती. "डोक्यानंच गेला बिचारा," एक जण म्हणाला. दुसऱ्यानं आवाज उतरवून भर घातली, "ह्या मनाच्या गोळ्या वाईट असतात. आतून पोखरत्यात." अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आत बायकांच्या गराड्यात होती, पण तिच्या कानावर ते गेलं. ती दारात आली आणि शांतपणे म्हणाली, "गोळ्यांनी गेले न्हाईत ते. गोळ्यांनी राह्यले होते इतके दिवस." आणि ती परत आत वळली. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, मी शाळेवर परत आलो. तरी तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. दाजींची हकीकत नीट सांगितली पाहिजे असं वाटलं, म्हणून हे लिहितो आहे.

प्रल्हाद दाजी बँडवाले. हसनाबादेत आणि आसपासच्या गावांत लग्न म्हटलं की प्रल्हादचा बँड ठरलेला. ते स्वतः क्लॅरोनेट वाजवायचे. एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. नवरदेवाचाच बँड, म्हणून त्या दिवशी क्लॅरोनेट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती. तो गडी एका ठिकाणी सारखा बेसूर व्हायचा. दाजींनी थोडा वेळ सोसलं. मग गळ्यात हार तसाच ठेवून ते वऱ्हाडातून उठले, त्याच्या हातातून वाद्य घेतलं, पत्ती ओठांत धरून ती ओळ बरोबर वाजवून दाखवली आणि परत जागेवर येऊन बसले. आमचे वडील चिडले होते, पण अक्का मान खाली घालून हसत होती, ते मला दिसलं. मला ते तेव्हापासून आवडले. मोठ्यानं हसणारा, समोरच्याची हुबेहूब नक्कल करणारा माणूस. मला नोकरी लागल्यावर त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मरेपर्यंत 'मास्तर'च म्हटलं.

त्यांना अर्धशिशी होती. लहानपणापासून असावी, त्यांची आई सांगायची की शाळेतून कधीकधी डोकं धरून घरी यायचा. आधी डोळ्याच्या कडेला चमकायला लागायचं. "काचेचे तुकडे नाचून राह्यले बघा, मास्तर," असं म्हणायचे. तेवढ्यावरून त्यांना कळायचं की आता थोड्याच वेळात डाव्या अंगानं ठणका सुरू होणार, उलट्या होणार आणि उजेड, आवाज, फोडणीचा वास, काही म्हणजे काही सहन होणार नाही. मग ते मधल्या खोलीत जाऊन पडायचे. अक्का खिडकीला गोधडी लावायची, पोरांना शेजारी पाठवायची. दुसऱ्या दिवशी बाहेर यायचे ते पाणी पिळून काढलेल्या कपड्यासारखे. ज्यानं जे सांगितलं ते सगळं करून झालं. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी, सुंठेचा लेप, नाकात तूप. चष्मा घेतला, एक दाढ काढून आले. एका देवऋषानं दंडाला दोरा बांधला, तो दाजींनी घरी आल्याबरोबर सोडला.

आणि धंदा कसा, तर कानाशी ढोल-ताशा, ट्रंपेट, आणि वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं. तो पांढरा भगभगीत उजेड म्हणजे त्यांच्या दुखण्याला आमंत्रणच. तरी कितीतरी वर्षं त्यांनी रेटलं. वाजवायला लागले की विसरायचे, असं ते म्हणायचे.

मग अंबडकडच्या एका गावात ते लग्न झालं. वरात अर्ध्यावर आली होती. पाटलाच्या घरचं कार्य, त्यामुळे गर्दी मोठी. दाजींच्या डोळ्यांपुढं काचा नाचायला लागल्या, पण मागं फिरायला वाट नव्हती. मारुतीच्या पारापाशी ते वाकले आणि नवरदेवाच्या घोड्यासमोरच त्यांना उलटी झाली. मुलीच्या बापानं त्यांची कॉलर धरली. "पिऊन आला का रे भाड्या माझ्या पोरीच्या लग्नात?" दाजींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आमच्या घरांत पंचशील घेतलेली माणसं बरीच, पण ते पाळणारे थोडे. दाजी त्या थोड्यांतले. त्यांना उत्तर देता आलं नाही, कारण तोंड उघडलं की उलटी येत होती. बँडमधल्या माणसांनी त्यांना धरून बाजूला नेलं. लोक हसत होते. दाजींना त्या बापाच्या ओरडण्याचं फारसं वाटलं नाही, हसण्याचं वाटलं. हे मला त्यांनी फार पुढं सांगितलं.

त्या दिवसापासून दुखणं बदललं. डोकं आधी महिन्यातून एखाद्या वेळी उठायचं, ते आता वरचेवर उठायला लागलं. पण त्याहून वाईट म्हणजे मधले दिवस. लग्नाची तारीख जवळ आली की त्यांच्या छातीत धडधड व्हायची, हातापायाला घाम सुटायचा. वरातीच्या दिवशी सकाळपासून डोळ्याच्या कडेला काही चमकतंय का, हेच बघत बसायचे. कधी नुसत्या त्या धास्तीनंच डोकं धरायचं. मग सुपाऱ्या नाकारायला लागले. बँड धाकट्या भावाच्या हाती दिला आणि स्वतः घरी बसले. क्लॅरोनेट पेटीत गेली. पावसाळ्यात धंदा नसतो, तेव्हा ते दरवर्षी वाद्यं पुसून, तेलपाणी करून ठेवायचे. त्या वर्षी पेटीला हात लावला नाही. पहाटे जाग यायची आणि पडून राहायचे. जेवताना ताट पुढं असायचं आणि घास हातात तसाच. एकदा पोरानं वाटी आपटली म्हणून त्यांनी स्टीलचं ताट भिंतीवर भिरकावलं, आणि मग स्वतःच रडत बसले. नकला बंद झाल्या. मी गेलो की "या मास्तर" म्हणायचे, तेवढंच.

अक्का त्या वेळी मला वेगळी दिसली. आमच्या घरात ती सगळ्यांत भित्री. पण एके दिवशी ती एकटी बसनं घनसावंगीला आली, शाळेच्या व्हरांड्यात मला गाठलं आणि म्हणाली, "काल हे म्हणले, मी घरात असलो काय न् नसलो काय, बराबरच. मला त्यांचा तो आवाज बिलकुल चांगला वाटला न्हाई. तू सुट्टी काढ. आपण जालन्याला जाऊ."

जालन्यात एक बाई डॉक्टर होत्या, वयानं मोठ्या, शरीराच्याच डॉक्टर. त्यांच्याकडे गर्दी फार. दाजी आत जायला तयार नव्हते. "किती डॉक्टर झाले. ही काय नवीन सांगणार?" बाईंनी आधी नेहमीचं विचारलं. कुठल्या अंगानं दुखतं, उलटी होते का, उजेड खुपतो का. दाजी पाठ केल्यासारखी उत्तरं देत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवला.

"दुखत नसतं तेव्हा काय करता?"

दाजींना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. टेबलाकडे बघत ते म्हणाले, "वाट बघतो."

"कशाची?"

"दुखायची."

मी त्यांच्या मागं उभा होतो. अक्कानं पदर तोंडाला लावला. बाईंनी घाई केली नाही. झोप, भूक, कामात मन लागतं का, असं एकेक विचारत गेल्या, आणि शेवटी तसंच सरळ विचारलं की मरावं असं मनात येतं का. दाजींनी आमच्याकडे बघितलं. मग हळूच "येतं" म्हणाले. इतकी वर्षं लग्नात, बाजारात, घरात आम्ही या माणसाबरोबर होतो, आणि तो एक शब्द पहिल्यांदा त्या अनोळखी बाईंपुढं निघाला.

बाईंनी सांगितलं की अर्धशिशी असलेल्या पुष्कळ माणसांना अशी धास्ती आणि उदासी येते. औरंगाबादहून मनाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी जालन्याला येतात, त्यांनाही दाखवायचं. तेव्हा मात्र दाजी ताठ झाले. "म्हंजे माझं डोकं खरं दुखत न्हाई? मी येडा झालो का?"

"तुमचं डोकं खरं दुखतं," बाई म्हणाल्या. "आणि तुमची भीती पण खरीच आहे. डोकं दुखलं की भीती वाढते, भीती वाढली की डोकं जास्त दुखतं. एकट्या डोक्याला औषध देऊन भागायचं नाही. दोन्हीला द्यावं लागेल."

येताना बसमध्ये दाजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. राजूर मागं पडल्यावर म्हणाले, "मास्तर, बाईनं खरं म्हणलं माझं दुखणं." तेवढ्यावर त्यांचे डोळे भरून आले. इतक्या लोकांनी त्यांना नाटकी, आळशी, दारुडा म्हटलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या म्हणून लगेच सगळं ठीक झालं असं नाही. सुरुवातीला त्यांना सारखी झोप यायची, तोंड कोरडं पडायचं. जरा बरं वाटलं तसं त्यांनी स्वतःच्या मनानं औषध बंद केलं आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा अंधाऱ्या खोलीत गेले. अक्का परत जालन्याला घेऊन गेली. मग तिनं गोळ्या स्वतःच्या ताब्यात ठेवल्या. हळूहळू डोकं उठण्यात अंतर पडायला लागलं. अर्धशिशी कायमची गेली नाही, ती त्यांना शेवटपर्यंत होती. पण मधले दिवस त्यांना परत मिळाले. एका उन्हाळ्यात मी गेलो तर सकाळी सकाळी घरामागच्या शेताच्या बांधावरून क्लॅरोनेटचा आवाज येत होता. हलका, पुन्हापुन्हा अडखळणारा. अक्का चुलीपाशी हातातला पिठाचा गोळा तसाच धरून बसली होती. "पत्ती पार वाळली म्हणत होते," ती म्हणाली. "नवी आणलीय."

त्यांनी बँड परत हातात घेतला, पण आपल्या अटींवर. दिवसाची लग्नं ते वाजवायचे, वरातीला भाऊ जायचा. आणि सुपारी घ्यायच्या आधी समोरच्याला स्पष्ट सांगायचे, "मला अर्धशिशी हाय, अन् मनाच्या उदासीची गोळी बी चालू हाय. त्या दिवशी दुखलं तर मी वाजवणार न्हाई. बँड वाजंल." लोक चपापायचे. काही जण उठून जायचे. भाऊ वैतागायचा, "अहो, इतकं सांगायची काय गरज?" दाजी म्हणायचे, "सांगितलं न्हाई तर लोक आपल्या मनानं सांगतेत. मागं एकदा दारुडा म्हणून सांगितलं की."

पुढं असं झालं की त्यांच्याकडे सुपारीशिवायही माणसं यायला लागली. कुणाची सून तोंड झाकून पडून राहते, कुणाच्या पोराला परीक्षा आली की डोकं उठतं. एका दुपारी एक म्हातारा गृहस्थ मुलीला घेऊन आला. मी तिथंच होतो. मुलगी दोन लेकरांची आई, सासरहून परत पाठवलेली. डोकं दुखतं, रडते, काम करत नाही म्हणून. म्हाताऱ्यानं अंबडकडच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं तसा चहा घेऊन बाहेर आलेल्या अक्काचा चेहरा एकदम घट्ट झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा तोच बाप, आणि ही तीच मुलगी, जिची वरात मारुतीच्या पारापाशी थांबली होती. म्हाताऱ्यानं जुनं काही काढलं नाही. दाजींनीही नाही. त्यांनी मुलीकडे वळून विचारलं, "ताई, दुखत नसतं तेव्हा काय करता?"

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "भ्या वाटतं."

"बराबर," दाजी म्हणाले. "मला बी वाटायचं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्यांच्याबरोबर जालन्याला गेले. ते तिघं स्टँडकडे निघून गेल्यावर अक्का मला म्हणाली, "मी न्हाई गेले असते." थोड्या वेळानं म्हणाली, "पण पोरीचा काय दोष." ती मुलगी नंतर सासरी गेली नाही, आपल्या मर्जीनं माहेरीच राहिली आणि शिवणकाम करते. दाजींच्या जलदान विधीला ती आली होती. कोपऱ्यात बसली आणि कुणाशी न बोलता गेली.

परवा मी अक्काकडे राहायला गेलो. घर आता बरंच मोकळं वाटतं. भाचा कामाला जालन्याला जातो, दिवसभर अक्का एकटी. दुपारी आम्ही ओसरीवर बसलो होतो. गल्लीच्या टोकाकडून शकीलाबीची हाक ऐकू आली. डोक्यावर पाटी घेऊन पालेभाजी विकते ती, "मेथीऽऽ शेपूऽऽ" अशी हाक की पलीकडच्या आळीत ऐकू जावी. हाक जवळजवळ येत गेली आणि एकदम थांबली. पुढं पावलांचा आवाज तेवढा आला. शकीलाबी दारात उभी राहिली आणि बोटानंच विचारलं, घेणार का? अक्कानं मेथीची जुडी घेतली.

"अगं, आता दे की आवाज," अक्का म्हणाली. "आता कुणाचं दुखायचंय इथं?"

शकीलाबीनं पाटी डोक्यावर चढवली. "नै निघत भाबी," ती म्हणाली. "इतके साल झाले... या दारापुढं निघतच नै."

ती गेली. चार घरं ओलांडून पिंपळाच्या वळणापर्यंत तशीच मुक्यानं गेली. मग वळणापलीकडून तिची हाक पुन्हा सुरू झाली. अक्का मेथी निवडत ती ऐकत बसली होती.