लागलं होतं बोट

ब्युमॉन्टच्या इस्पितळात माझ्या बायकोचं ऑपरेशन चालू होतं, तेव्हा ती बाई माझ्या शेजारी बसली होती. साठीची, गळ्यात संघाचा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर. त्या दुपारी सामन्यात तिच्या मुलाच्या डोक्याला मार लागला होता. तोही आतच होता.

सामना ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, एका गुणाने हरलेला. मुलाने मारलेली शेवटची किक खांबांमधून गेली. पण वाटेत चेंडूला विरोधकाचं बोट लागलं म्हणून पंचाने सहाऐवजी एकच गुण दिला.

"बोट? नखसुद्धा लागलं नाही!" सोबतच्या दांडग्या माणसाला ती पुन्हापुन्हा सांगत होती. मफलरची झालर पिळून पिळून तिने उसवली होती.

"आंधळाच आहे तो पंच," तो म्हणायचा.

मला तिचं पटत होतं. मी शून्यातून उभं केलेलं दुकान माझ्या सख्ख्या भावाने बळकावलं होतं. हक्क सोडायचा नसतो, हे मला कुणी शिकवायला नको.

तेवढ्यात दार उघडलं आणि नर्स आमच्या दिशेने निघाली. बाईने माझं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटून पुटपुटली, "लागलं होतं बोट. मी पाहिलं होतं. सामना त्यांचाच. माझा मुलगा तेवढा राहू दे."

घासाघीस करताना पहिला आकडा आपण बोलायचा नसतो, हे मी आयुष्यभर पाळत आलो. नर्स अगदी जवळ आली, तेव्हा मीही डोळे मिटले आणि म्हटलं, "दुकान भावाचं."