गेरूच्या फुल्या

कचेरीत शिरण्याआधी मिस्त्रीचाचा बाहेरच्या भिंतीला तळहात लावायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघ, अजून गार हाय." रोज. मला तर त्या वाक्याचा वीट आला होता.

साठच्या दशकातली दुबई. खाडीकाठी बर्फाचा कारखाना आणि त्याची ही जुनी कचेरी. समुद्रातल्या प्रवाळदगडाच्या जाड भिंती, वर वारा खाली खेचणारा मनोरा. मी तिथे कारकून. चाचा रत्नागिरीकडचे गवंडी, डागडुजीला ठेवलेले. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल, पगार मालकाचा घेतो आणि जीव इमारतीला लावतो.

मालकाने, म्हणजे आमच्या अरबाबने, कचेरी पाडून सिमेंटची बांधायचं काढलं. चाचांनी माझ्याकडून इंग्रजीत अर्ज टाइप करून घेतला: डागडुजी करू, पण इमारत राखा. अरबाब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मिस्त्री, दिखाओ, कहाँ कहाँ मरम्मत लगेगी."

झालं! चाचा गेरू घेऊन भिडले. गावाकडे गवंडी करतात तसं, चुना सुटलाय तिथे फुली, केसाएवढी भेग दिसली तरी फुली. बघता बघता भिंती तांबड्या झाल्या.

"चाचा, चार दाखवा आणि गप्प बसा ना," मी म्हणालो.

"येडा हायस काय? दाखवलं नाय तर दुरुस्त कसं करणार?"

अरबाब आला. फुल्या बघत इमारतीला एक फेरी मारली आणि हळहळून म्हणाला, "इतनी बीमार है? खलास, मिस्त्री. तोड दो."

त्या दुपारी चाचा ओलं फडकं घेऊन फुल्या पुसत बसले. गेरू चुन्यात मुरलेला. निघेना, नुसता पसरत गेला. मी बादल्या भरून देत होतो. निर्णय झालाय हे दोघांनाही माहीत होतं, तरी मी पुढची बादली भरायला गेलो.

पाडणाऱ्यांनी पहिले घाव बरोब्बर फुल्यांवर घातले. चाचा पुढच्या आगबोटीने गावी निघून गेले. नंतर पत्र नाही, निरोप नाही.

नव्या कचेरीत एसी आला. एका दुपारी वीज गेली आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन बाहेर आलो. का कोण जाणे, मी भिंतीला तळहात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

चाचा, गार नाही हो.